सासऱ्याची चिमूट

भरमाप्पांनी तळहातावरची तंबाखू चुन्यात मळली, वरची धूळ थापटून उडवली आणि पहिली चिमूट जावयापुढं धरली.

"घ्या पावणं."

चौऱ्याऐंशीची दिवाळी होती. निपाणीत त्यांच्या दारी पाव्हण्याला गूळपाणी नंतर, चिमूट आधी. जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. त्यांच्या हातचं मळलेलं आजवर कुणी परतवलं नव्हतं.

"नगो मामा," भीमसेन म्हणाला. "माझी सुटली."

दाराआड अंजनाचा जीव टांगणीला लागला. नवरा समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात वेल्डर. आता तिथं क्वार्टर मिळालं, म्हणून तिला न्यायला आला होता. पण आप्पांचा होकार कुठं मिळाला होता? डोळ्यांना न दिसणारी आग ती, तिच्या शेजारी लेक ठेवायची न्हाय, हे त्यांचं कायमचं पालुपद. त्यात आज ही चिमूट.

"आमच्या हातची कडू लागली व्हय?"

"तसं न्हाय मामा. अणुभट्टीकडं जाताना तोंडात काय बी घालायचं न्हाय. पाणीसुदीक न्हाय. तिथली बारीक धूळ दिसत न्हाय, हाताबरोबर पोटात जायाची. दारावरच खिसं रिकामं करत्यात. पयल्यांदा लई वंगाळ गेलं, जीभ सारखी गालफडात हुडकत फिरायची. मग सवयच मोडली."

"माझं कवा ऐकलं न्हाय," अंजना दाराआडून म्हणाली, "भट्टीचं बरं ऐकलं."

भीमसेन खाली बघून हसला.

"आन् भाईर येताना?" भरमाप्पांनी विचारलं.

"हात-पाय यंत्रात घालून उभं ऱ्हायाचं. काय चिकटलं असंल तर घंटी वाजत्या. मग परत धुवायचं. साहेब असू दे न्हायतर हमाल."

भरमाप्पा आपल्या तळव्याकडं बघत राहिले. वखारीच्या धुळीनं तो कायमचा तपकिरी झाला होता, आणि तीच धूळ छातीत बसून पहाटे खोकत होती.

"दिसणारी धूळ खाऊन माझा जलम गेला," ते सावकाश म्हणाले, "पर माझं हात बघाय कोण आलं न्हाय."

चिमूट त्यांनी स्वतःच्याच ओठात सोडली. बाहेर पोरांचे फटाके वाजत होते.

"गाडी कवा हाय तुमची?"

"परवा सकाळी."

"मग घिऊन जावा हिला. आन् अंजने, तिथं दारावर ह्यांचं खिसं तपासत्यात, घरात तू तपासत जा. निपाणीचा जावई हाय, भरवसा धरू नगंस."

अंजना ट्रंक भरायला म्हणून आत गेली. ती सकाळीच भरून झाली होती. कुलूप तेवढं लावायचं राहिलं होतं.