दाढेच्या सिमेंटचा पाय

मित्रांनो, मी वीतभर उंचीचा एक जुना तांबडा घोडा आहे. प्लास्टिकचा. जन्मात मी एक पाऊलही टाकलेले नाही, तरी 'चाल सदोष' असा शेरा मला दोनदा मिळाला आहे.

कारखान्याच्या साच्यातून निघालो तेव्हा मी चांगला ताठ उभा होतो. मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला घरी आणले. एका उन्हाळ्यात त्या मला खिडकीत विसरल्या. उन्हाने माझा मागचा उजवा पाय वाकून आखूड झाला आणि मी उजवीकडे कलू लागलो.

बाईंना छोट्या घोड्यांच्या स्पर्धांचा भारी नाद. तिथे चांगली मोठी माणसे आम्हाला मोज्यांत गुंडाळून आणतात, टेबलावर ओळीने मांडतात आणि ब्रशने आमच्या कानांतली धूळ झटकतात. परीक्षक बॅटरी घेऊन आमच्या पोटाखाली डोकावतात. हसू नका, तिथे कोणीही हसत नाही.

पहिल्याच स्पर्धेत मी कोसळलो, तेही शेजारच्या अकरा घोड्यांना घेऊन. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा पांढराशुभ्र घोडा सर्वांत खाली सापडला. दरवर्षी बक्षीस त्यांचेच. त्यांनी तिथल्या तिथे नियम करून घेतला: पडला तो बाद, कारण विचारायचे नाही. पुढची तीन वर्षे या नियमाने बाद होणारा मी एकटाच. लोक मला 'पाडू' म्हणू लागले. मला फार लागायचे ते.

यंदा बाईंचे यजमान म्हणाले, "हा परत पडला ना, तर दवाखान्यातल्या खेळण्यांच्या टोपलीत टाक त्याला."

मित्रांनो, ती टोपली मी पाहिली आहे. तिथल्या हत्तीला सोंड उरलेली नाही. दात दुखत असतानाही मुले इतकी कशी चावतात कोण जाणे.

बाईंनी मला दवाखान्याच्या खुर्चीत आडवे केले, वरचा दिवा लावला आणि दाढेत भरायच्या सिमेंटने माझा खूर वाढवला, घासला, पुन्हा वाढवला. शेवटी सवयीने म्हणाल्या, "दोन तास काही खाऊ नकोस." मी ते कसोशीने पाळले.

स्पर्धेत आम्ही तेवीस घोडे होतो. परीक्षक येणार इतक्यात मुख्याध्यापकांना आपल्या घोड्याच्या शेपटीवर धुळीचा कण दिसला. ते ब्रश घेऊन वाकले आणि त्यांचे पोट टेबलावर आदळले. पांढरा पडला, मग काळा, मग ठिपक्यांचा. बावीसच्या बावीस धडाधड आडवे झाले. मीही जुन्या सवयीने उजवीकडे कललो, पण नवा खूर घट्ट टेकलेला होता. मी उभा राहिलो!

"सर, कारण विचारायचं का?" परीक्षकांनी मुख्याध्यापकांना विचारले.

"नियम माझाच आहे," ते म्हणाले. "पाडूला फीत द्या." मग बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "माझीही एक दाढ दुखतेय. कधी येऊ?"

मित्रांनो, तुमच्याकडे कोणी लंगडा घोडा, एकाक्ष अस्वल असेल तर त्याला टोपलीत ढकलण्याआधी एकदा दिव्याखाली धरून नीट बघा. कधी कधी कमी असते ती चिमूटभर सिमेंटचीच.

पहिल्या क्रमांकाची फीत माझ्याहून मोठी निघाली. बाईंनी ती गळ्यात घालताच मी पुन्हा उजवीकडे झुकलो. सारे सभागृह श्वास रोखून पाहू लागले. पण दाढ पक्की भरली होती.