सोळा मात्रांची चाल

रिपोर्ट चांगला आला आणि माझी झोप उडाली.

अलकापुरीतल्या दवाखान्यात आमच्या ह्यांच्या कमरेला पावलं मोजणारा एक काळा पट्टा बांधून त्यांना लांबलचक पॅसेजमधून सहा वेळा चालवलं होतं. डॉक्टर निरुपमाबेन मला त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत समजावत होत्या, "मासी, पाऊल जरा पुढेमागे सगळ्यांचंच पडतं. पण एका पावलात आणि दुसऱ्यात फार फरक पडायला लागला, तर मेंदूचं काहीतरी बिघडतंय का ते बघायला लागतं. हात थरथरायला लागायच्या आधीसुद्धा कधीकधी चालच सांगते." मग हसून म्हणाल्या, "काकांची चाल तर पंचविशीतल्या पोरासारखी छे. एकदम सरस."

सरस कसली डोंबलाची! संक्रांतीला गच्चीच्या दारात ह्यांचा पाय जमिनीला चिकटला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पतंग घेऊन आलेली अर्धी सोसायटी मागे खोळंबली. हे म्हणाले, "चप्पल अडकली." पायात चप्पल नव्हतीच.

कारेलीबागेत घरी आल्यावर मला बसवेना. आत जा, बाहेर ये, परत आत जा. भाजी करपली. आणि हे झोपाळ्यावर मजेत. "बघ, उगाच वहीम तुझा," म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी हे दूध आणायला निघाले, तशी मीही मागोमाग निघाले. बघते तर ओठ हलतायत. जन्मात कधी रामरक्षा न म्हटलेला माणूस! जरा जवळ जाऊन ऐकलं. "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा." चाळीस वर्षं तबला शिकवलेले आमचे मास्तर त्रितालावर पाय टाकत होते. मात्रेला एक पाऊल, ना कमी ना जास्त. मशीन बिचारं काय पकडणार? तेवढ्यात समोरून सोसायटीतल्या लीलाबेन आल्या. "केम छो, मास्तर?" हे उत्तर द्यायला गेले, ताल सुटला, आणि पाय तिथेच रुतला.

जित्याची खोड, असं म्हणणार होते. पण पुढचे शब्द आठवले आणि जीभ आवरली.

बी-बाराचं इंजेक्शन आहे, असं खोटं सांगून ह्यांना परत दवाखान्यात नेलं. निरुपमाबेनना आधी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "काका, या वेळी शंभरातून सात-सात वजा करत, मोठ्याने बोलत चाला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मग निघाले.

"त्र्याण्णव. शहाऐंशी..." पुढचा आकडा सापडेना आणि पावलं विसकटली. एक लांब, दोन आखूड, मग नुसतं पाय घासणं. शेवटी भिंतीला हात टेकला.

माझंच खरं ठरलं, आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"बरं झालं, लवकर आलात," निरुपमाबेन म्हणाल्या. "आणखी तपासण्या करू, औषधं आहेत. हे कधीपासून होतंय?"

"संक्रांतीपासून," मी म्हणाले.

"तिला संक्रांतीला दिसलं," हे खाली बघत म्हणाले. "गणपतीपासून होतंय."

निरुपमाबेन लिहून घेत होत्या. संक्रांतीच्या आधीचे चार महिने मी रोज ह्यांच्या शेजारी झोपत होते, आणि हा माणूस एकटाच घाबरत होता.