हातातून निसटलेला पुठ्ठा

मित्रांनो, मी वाचन तपासायचा एक जुना पुठ्ठा आहे. चिलीतल्या चिलोए बेटावर, एका शाळेच्या कपाटात मी पडून असतो. माझ्यावर एका बोटीची गोष्ट छापली आहे. मूल एक मिनिट मला वाचायचं आणि कोण कुठे अडखळतं ते कळायचं. अडखळणाऱ्याला एदितामावशींच्या छोट्या वर्गात जागा मिळायची. इथली मुलं बाईंना मावशीच म्हणतात. मावशी एकेक अक्षर बोटाखाली धरून शिकवायच्या. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

एका वर्षी मुख्याध्यापिका नोल्फाबाईंना शाळेच्या नावाची काळजी पडली. तपासणीआधी पंधरा दिवस त्यांनी मला फळ्यावर टांगलं आणि रोज सकाळी प्रार्थनेसारखी माझी गोष्ट वर्गाकडून म्हणून घेतली.

त्या वर्गात आठ वर्षांची मियाराय होती. तिला अक्षरं काही केल्या लागत नव्हती, पण कानावर पडलेलं सगळं लक्षात राहायचं. तपासणीच्या दिवशी ती धडाधड सुरू झाली. तेवढ्यात दारातून वारा आला आणि मी तिच्या हातातून निसटून पालथा पडलो. मियाराय थांबलीच नाही. रिकाम्या हातांकडे बघत तिने गोष्ट संपवली!

"अगं बाई, हिला तर पुठ्ठाच लागत नाही!" शेजारची मुलगी ओरडली. वर्ग खदखदून हसला.

"पोरीला वाचता येत नाहीये हो," एदितामावशी म्हणाल्या. "दुसरा पुठ्ठा देऊन बघू या."

"एक तरी शब्द चुकला का तिचा? मग उगाच खोडा कशाला घालता?" नोल्फाबाईंनी स्वतःच्या हाताने 'उत्तम' असं लिहिलं.

मियारायला बक्षीस म्हणून बटाट्याचा गरमागरम मिल्काओ मिळाला. छोट्या वर्गातली जागा मात्र मिळाली नाही. ज्यांनी मला मुलांसाठी आणलं, त्यांनीच माझा विश्वासघात केला. ते दुःख अजून जात नाही.

पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली, पण त्यातलं काहीच मियारायला वाचता येईना. मधल्या सुट्टीत मियारायने मला कपाटातून काढलं आणि गोष्ट म्हणू लागली. बोट भलत्याच ओळीवर होतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिने बोट उचललं.

"तू तरी सांगायचंस ना मावशींना," ती मला म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतो. मला आधी पाठ करू नका. अडखळायचं असेल, तर माझ्यापाशीच अडखळा.