निळीची फडकी

धाकट्या भावाने, योशिहेईने, एकदा तरी आमच्या बोटीवर येऊन माझ्या हातचा चहा प्यावा, एवढ्यासाठी मी नवस बोलून चहा सोडला होता. बोट वडलांची. त्यांनी ती जावयाला दिली, मुलाला नाही. तेव्हापासून योशिहेई म्हणायचा, "त्या डेकवर पाय ठेवीन तो मढं घेऊनच." मी रोज सकाळी बोटीच्या देवीपुढे मीठ, तांदूळ आणि पाणी ठेवते, पाहुण्यांना चहाचा विधी शिकवते, आणि स्वतः कोमट पाणी पिते.

आमचे पाहुणे पैसे भरून बोटीने बेटाबेटांवर काही शिकायला येतात. एका बेटावर बाहुल्यांचं नाटक, दुसऱ्यावर नव्या चित्रकारांची दालनं. त्या शरदात माझ्या माहेरी, कुरेजिमा बेटावर, झुंजीची जत्रा होती. किनारआळी आणि डोंगरआळी आपापल्या देवाची पालखी खांद्यावर घेऊन एकमेकींवर आदळतात. लाकडं मोडतात, हाडंही मोडतात. कंदील लागले की राग संपला. ज्याने पाडलं, त्यानेच पडलेल्याला पाठीवर घेऊन घरी पोचवायचं.

आदल्या दिवशी पाहुण्यांनी फडकी निळीत बुडवून रंगवली होती. उतरताना सगळ्यांनी ती हौसेने डोक्याला बांधली.

"शोभतंय ना, कॅप्टन?" कुरामोचीबाईंनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका.

"अगदी आमच्या आळीच्या सुना," माझा नवरा गेन्झो हसून म्हणाला. तो किनारआळीचा. निळा रंग त्याच्या आळीचाच, म्हणून त्याला काही खटकलं नाही. मी देवीपुढचं पाणी बदलून मागाहून उतरले.

देवळासमोर पोचले तेव्हा ढोल थांबला होता. किनारआळीच्या पालखीला लागूनच पाहुण्यांची निळी डोकी उभी होती. समोर लाल पट्ट्यांचे डोंगरआळीचे लोक, पुढे योशिहेई, हातात बांबू. जत्रेत सगळं माफ असतं, पालखीला खांदा द्यायला बाहेरची माणसं आणणं सोडून.

"भाडोत्री आणलेस होय, दाजी?"

"पाहुणे आहेत रे. म्हाताऱ्या बायका आहेत."

"बोट फुकट मिळाली, आता जत्रापण फुकटात जिंकायचीय?"

"तुला हरवायला या म्हाताऱ्या पुरेत, मेव्हण्या."

लोक हसले. ते हसणं संपायच्या आत बांबू फिरला. कुरामोचीबाईंचा चष्मा फुटून काच गालात घुसली. गेन्झोने त्यांना ओढून दिव्याच्या दगडी खांबाआड ढकललं, आणि वळून योशिहेईच्या तोंडावर डोकं हाणलं. दात पडले ते मी पाहिले. तेवढ्यात पालख्या सुटल्या. पहिल्या धडकेत एकाचा पंजा दोन दांड्यांच्या मधे सापडला, आणि तो ओरडलाही नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. माणसं माणसांना तुडवत होती. कोणी निळं फडकं पाहून मारत होतं, कोणी समोर आला म्हणून.

"योशी, बास कर. तुझ्या पाया पडते," मी म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान.

त्याने ऐकलं. मान माझ्याकडे वळवली. गेन्झोने ती संधी साधून त्याच्या बरगडीत गुडघा घातला. योशिहेई वाकला, आणि वाकता वाकता बांबूचं चिरलेलं टोक वर आलं. ते गेन्झोच्या डाव्या डोळ्यात गेलं.

माझा नवरा गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं.

कंदील लागले. झुंज थांबली. सगळे योशिहेईकडे बघू लागले. तो तोंडातलं रक्त थुंकला, खाली बसला आणि पाठ पुढे करून म्हणाला, "चढवा."

"घरी कुठे नेतोस?" कोणीतरी विचारलं.

"याचं घर म्हणजे बोटच ना."

बोटीवर चढायच्या फळीपाशी तो थबकला. पाठीवरून गेन्झो कुजबुजला, "मढं नाही झालो अजून. चालेल ना?"

"गप पडा, दाजी."

मोठ्या बेटावरून डॉक्टरांची लाँच निघाली होती. मी नवऱ्याच्या डोळ्यावर ओलं कापड बांधलं, त्याची नाडी हातात धरून बसले. भाऊ डेकवर भिंतीला टेकून बसला होता.

"ताई, तोंड कोरडं पडलंय," तो म्हणाला.

मी चहा केला. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली. फुटक्या ओठांतून अर्धा चहा लाल होऊन छातीवर सांडला, अर्धा पोटात गेला.

"तू घे ना," तो म्हणाला.

मी देवीपुढे गेले. मागितलं होतं ते सगळं तिने दिलं होतं. मी तिला नमस्कार केला, गेन्झोच्या डोळ्यासाठी चहा पुन्हा सोडला, आणि माझी वाटी पालथी घातली.