लॉटरीत लागलेली रायफल

रोझेनचं एकच वाक्य आहे आणि त्या एका वाक्यावर तिने सगळ्या सभा खिशात घातल्या. "मी उभा जन्म हरणं मारतेय. एका हरणाला मला एक गोळी पुरते. ज्याला तीस लागतात, तो हरणं मारायला निघालेला नसतो." एवढंच म्हणते आणि खाली बसते. की टाळ्या, की लोक उभे. मागच्या सभेत तर एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

मी वर्ना, तिची नणंद. असॉल्ट रायफलींवर देशभर बंदी आणा म्हणून माझे केस काळे होते तेव्हापासून मी दारोदार हिंडतेय. लोकांची कुत्री अंगावर घेतली, तोंडावर दारं आपटून घेतली. शिकारीचा हंगाम सुरू होतो त्या दिवशी ज्या गावात शाळेला सुट्टी असते, तिथे हे करणं काय असतं ते माझं मला माहीत. रोझेन तेव्हा माझ्या भावाबरोबर रानात मचाणावर बसायची आणि मला "आल्या पाद्रीणबाई" म्हणून चिडवायची. भाऊ गेला, तरी तिची बंदूक सुटली नाही. मग गेल्या हिवाळ्यात बाईंना एकाएकी उपरती झाली. का, विचारलं तर म्हणे, "वाटलं." हिला वाटलं आणि शनिवारी हॅरिसबर्गला, राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर भाषण हिचं. मला काय, तर बॅनरचं डावं टोक.

"शिकार करणाऱ्या बाईचं लोक ऐकतात हो," सभा भरवणारी पोरगी मला फोनवर म्हणाली. "तुम्ही काय, पहिल्यापासून आमच्याच."

म्हणजे पहिल्यापासून असणं हाच माझा गुन्हा. नुसता जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू?

सभेच्या आदल्या रविवारी गिलचा फोन आला. गिल आमच्या गावच्या अग्निशमन दलाचा म्होरक्या.

"वर्ना, बसली आहेस ना? नसलीस तर बस. तुला लागली!"

दर वर्षी दल आपल्या गाडीच्या खर्चासाठी बंदुकांची लॉटरी काढतं. तिकीट सगळं गाव घेतं, मीही घेते. एका हातात बंदीचा अर्ज आणि दुसऱ्या हातात बंदुकीच्या लॉटरीचं तिकीट, अशी गावात मी एकटीच. पण उद्या घराला आग लागली तर गिलच धावत येणार, ना? यंदा मला नेमकी असॉल्ट रायफलच लागली होती. काळी, तीस गोळ्यांची.

गिल हसून हसून खोकत होता. "रोख पैसे घे की, बाई. तू काय करणार तिचं? पडदे वाळत घालणार?"

"मला तीच हवी," मी म्हणाले. आधी तोंडातून गेलं आणि मग डोक्यात उजेड पडला. रोझेनकडे नुसतं वाक्य होतं. माझ्याकडे रायफल असणार होती.

सोमवारी बंदुकीच्या दुकानात ओळखपत्र दाखवलं, त्यांनी सरकारदरबारी माझी चौकशी केली आणि खोकं घेऊन मी घरी आले. लगेच त्या सभावाल्या पोरीला फोन केला. ती किंचाळलीच. शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर रायफल कापायची, शनिवारी तुकडे पायऱ्यांवर मांडायचे आणि शेवटचं भाषण माझं. रोझेन माझ्या आधी, एक तोंडी लावणं म्हणून. खोकं मी कपाटात कोटांखाली सरकवलं आणि दोन दिवस गुणगुणत घरभर फिरले.

बुधवार कोल्बीचा. कोल्बी रोझेनचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. मला मूलबाळ नाही, पण बुधवारचं रात्रीचं जेवण तो माझ्याकडे जेवतो आणि माझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात असते. रोझेनला कोबीची पानं भरता येत नाहीत, मला येतात, हे मी तिला अधूनमधून ऐकवते. गेल्या हिवाळ्यात मात्र तो महिनाभर दिसला नव्हता. ओहायोला कामाला गेलाय, असं रोझेन म्हणाली होती.

त्या बुधवारी दुपारी मी कोबी घेऊन आले तर दारात त्याचा ट्रक. तो आत बसलेला, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी काचेवर टकटक केलं. त्याने बघितलं नाही. रोझेनची गाडी माझ्या हिरवळीत तिरकी घुसवलेली. ती स्वयंपाकघरात उभी होती, पायात घरातल्या सपाता, अंगात कोट नाही. टेबलावर ते खोकं.

"ही घरात कशाला आणलीस?"

"का? शेवटचं भाषण माझं म्हटल्यावर दुखलं ना पोटात?"

"गप्प बस, वर्ना." ती खुर्चीत बसली. "तो ओहायोला नव्हता. हॉस्पिटलात होता. गोदामातल्या नोकरीवरून काढलं त्याला, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर त्याने अशीच एक विकत घेतली. एका सकाळी ती ट्रकमध्ये टाकून गोदामाकडे निघाला, पाळी बदलायच्या वेळेला. मी ट्रकसमोर उभी राहिले. गाउनवर, बर्फात."

माझ्या हातातला कोबी मी खाली ठेवला. "आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"कुणालाच नाही. त्या तीस गोळ्या मी मोजल्यात, वर्ना. त्याच्या शेजारच्या सीटवर होत्या."

"यात गोळ्या नाहीत गं," मी कशीबशी म्हणाले.

"गोळ्या पेट्रोल पंपापलीकडे मिळतात."

"तुला कळलं कसं?"

"त्यानेच फोन केला. थंडीसाठी तुझ्या खिडक्यांना जादा काचा बसवायला लवकर आला होता. कोट अडकवायला कपाट उघडलं, तर खाली हे खोकं. म्हणाला, आई, आत्याकडे तसलीच एक आहे. तू ये. मी बाहेर जाऊन बसतो."

खोक्याशेजारी माझ्या घराची किल्ली ठेवलेली होती. त्याची.

रायफल आम्ही तेव्हाच रोझेनच्या गॅरेजमध्ये कापली. मी धरली, तिने यंत्र चालवलं. ठिणग्या माझ्या बाहीवर उडाल्या, भोकं पडली. बघायला कुणी नव्हतं. मग मी पोरीला कळवलं, रायफल नाही, भाषण रोझेनचंच.

शनिवारी रोझेनने ते वाक्य म्हटलं. पायऱ्यांवरची माणसं हलून गेली. बॅनरच्या उजव्या टोकाची बाई माझ्याकडे वाकून म्हणाली, "काय नशीब एकेकीचं! कुठून सुचत असेल असं बोलायला?"

"हो ना," मी म्हणाले.

परतताना बसमध्ये मी रोझेनच्या हातात किल्ली ठेवली. "कोल्बीला दे."

"बुधवारी तूच दे. विचारत होता, आत्या कोबी करणार आहे का."

म्हणजे तेही तिलाच विचारतो. मी खिडकीकडे तोंड केलं. टाळ्यांचं आता काही वाटत नाही, त्या तिला लखलाभ. पण माझ्या घरात, माझ्या कपाटासमोर उभं राहून पोराने फोन तिला केला, याचा हेवा अजून जात नाही. मला केला असता तर मी म्हणाले असते, हात लावू नकोस रे, शुक्रवारी लागणार आहे ती मला.