नावाड्याने धरलेलं उत्तर

चातुर्मासात मी एकवेळ जेवते, तेही मौन धरून. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. निघाला तर ताटावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्न नाही. सासूबाईंकडून आलेलं हे व्रत आहे आणि साखरखेर्ड्यात आमच्या गल्लीला ते ठाऊक आहे. माझ्या जेवणाच्या वेळी शेजारीण दारातूनच परत जाते.

माझी लेक अश्विनी मात्र मुद्दाम तेव्हाच जवळ येऊन बसायची. कॉलेजातून आली की मोबाइलवर तिचा तो खेळ. खेळ म्हणजे गोष्टच, पण आपण पुढे न्यायची. एक राणी आपल्या लेकीला घेऊन शापित रानातून चालली आहे. वाटेत कोणी ना कोणी भेटतं, काहीतरी विचारतं. खाली दोन-तीन उत्तरं येतात आणि त्यांच्याखाली एक पांढरी रेघ आटत जाते. रेघ संपायच्या आत उत्तर दाबायचं. नाही दाबलं तर राणी गप्प राहिली असं धरतात आणि गोष्ट तशीच पुढे सरकते. खेळ भागाभागाने येतो, आणि मागच्या भागात जे केलं ते पुढच्यात भोगावं लागतं. हे मला मनातून पटलं होतं.

आषाढात पहिला भाग आला तेव्हा काळ्या डोहाच्या नावाड्याने राणीला विचारलं होतं, "पार नेतो. पण परत येईन तेव्हा मागेन ते देशील?"

अश्विनीने मोबाइल माझ्या ताटाशी धरला. "आई, सांग न वं. हाव म्हणू का नाही?"

मी मान खाली घालून भाकर मोडत राहिले.

"तुह्या मौनापायी माही राणी मरन एखाद्या दिवशी," ती हसत म्हणाली. तेवढ्यात रेघ आटून गेली. नावाड्याने मान डोलावली आणि वल्हं पाण्यात टाकलं.

दिवाळीच्या तोंडावर तिसरा भाग आला. मी नुकती ताटावर बसले होते. नावाडी परत आला होता, अंगावर ओली घोंगडी, चेहरा अंधारात. त्याने राणीच्या लेकीचं मनगट धरलं. "मी विचारलं तेव्हा तुझी आई नाही म्हणाली नव्हती," तो म्हणाला. अश्विनी शोधत राहिली, पण दाबायला उत्तरच येईना.

"आई, हे पाह्य. तुह्या गप्प राहण्याले यानं हाव धरलं."

याच वेळी माझे दीर, भागवत भाऊजी, आत आले. अश्विनीचे वडील गेल्यापासून घरातलं सगळं भाऊजींच्याच शब्दावर चालतं. धाडचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा बीजवर, शेती मोठी. पहिली बायको पाय घसरून विहिरीत पडली, असं त्याच घरातले लोक सांगतात, दुसरं कोणी सांगत नाही. अश्विनीने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "काका, मले तिथं नाही जायचं." ते म्हणाले होते, तुह्या आईले विचारतो.

"बसा, वहिनी, बसा. ताटावरून उठू नका." त्यांच्या हातात फोन चालूच होता. "पाहुणे चिखलीत चहा घेऊन राह्यले. आज पोरीले कुंकू लावून जातो म्हणतात. लग्न मग तुळशीच्या लग्नानंतर."

"काका, आई जेवून राह्यली. तुम्हाले माहीत नाही का?"

"माहीत आहे बाप्पा, म्हणून तं हळू बोलून राह्यलो." ते उंबऱ्यातच बसले. "वहिनी, तुमचं काही म्हणणं असन तं सांगा. नसन तं मी त्याईले या म्हणतो."

माझ्या तोंडात घास होता. शेताचा बांध सरकवायचा होता तेव्हाही ते असेच आले होते, याच वेळी, असेच हळू बोलत. मी हात धुऊन येईपर्यंत बांध सरकला होता. तेव्हा मला तो योगायोग वाटला होता.

त्यांनी जराशी वाट पाहिली. मग फोन कानाला लावला. "हाव, विचारलं. वहिनीची काही ना नाही."

"ना आहे," मी म्हणाले. "माही लेक मी तिथं देत नाही."

अश्विनीच्या हातातला मोबाइल मांडीवर पडला. मी ताटावरून उठले.

भाऊजींनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्रत मोडलं, वहिनी तुम्ही. आता घरावर काही आलं तं माह्याकडे येऊ नका."

फोनमधून मुलाच्या आईचा मऊ आवाज आला. "कोण बोललं, भाऊ?"

"माय बोलली."

"बोलू द्या तिले. आम्ही निघालोच. दारात आलेलं कुंकू कोणी माघारी धाडत नाही."

भाऊजी शेजारी आपल्या घरी सतरंज्या काढायला गेले. मी देवापुढे हात जोडले. मोडलं ते माझं आहे, माझ्यावरच घाल, एवढंच म्हणाले. मग अश्विनीची कागदपत्रं आणि दोन कपडे पिशवीत कोंबले आणि मागच्या दाराने तिला घेऊन निघाले. खामगावला माझी बहीण सुभद्राबाई आहे. तिचं दार कोणाला विचारून उघडत नाही.

"आई, चिखलीपर्यंत रस्ता एकच आहे वं," एसटीत बसल्यावर अश्विनी म्हणाली.

"माहीत आहे. पण दुसरी गाडी संध्याकाळी आहे."

गावाबाहेर अरुंद पुलावर समोरून जीप आली. एसटी एका अंगाला घेऊन ड्रायव्हरने ब्रेक दाबला. जीप आमच्या खिडकीला अगदी लागून हळूहळू पुढे सरकू लागली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढच्या सीटवर पोरीला पाहून गेलेली मुलाची आई, तिच्या मांडीवर हिरव्या खणाने झाकलेलं कुंकवाचं ताट.

मी अश्विनीला ओढून आतल्या बाजूला घेतलं आणि खिडकीशी मी बसले. बाईने वर पाहिलं आणि मला ओळखलं. मी पदर पुढे ओढला नाही, नजरही काढली नाही. तिने ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला, आणि जीप थांबली.