वरचा मजला

"याला वरचा मजलाच नाही," मनशे तळकर म्हणाला. "पाया आहे, भिंती आहेत. वर काय? काही नाही. परत पाठव."

अम्राम बुझाग्लोने सीडीची डबी काउंटरवर ठेवली आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "वरचा मजला नाही? अरे, माझे कान जळताहेत इथे! इतकं किर्र वाजतंय की समोरचा भाजीवाला दोनदा डोकावून गेला. वरचा मजला तुझा रिकामा झालाय, मनशे."

"तुझे स्पीकर मेलेत."

"गेल्या महिन्यात नवे घेतलेत."

"मग मेलेलेच विकले तुला," मनशे म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. अम्राम मागून हसत राहिला. मनशेला मात्र हसू आलं नाही.

इस्रायलमधल्या दिमोनाच्या बाजारातलं अम्रामचं दुकान पूर्वी कॅसेटचं होतं, मग सीडीचं झालं, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकली जातात. एक फळी तेवढी त्याने जुन्या गिऱ्हाइकांसाठी ट्रान्सची, त्या ठोक्यावर नाचायच्या यांत्रिक संगीताची, ठेवली होती. गुरुवारी संध्याकाळी वाळवंटात नाचायला निघालेली पोरं या फळीशी घोटाळायची आणि विचारायची, "तळकर काय म्हणाला?" तळकर चांगलं म्हणाला असेल तर डबी उचलायची, नाहीतर ठेवून द्यायची. हा मान मनशेला कुणी समारंभ करून दिला नव्हता. तो कापडगिरणीत मागावर होता, गिरणी बंद पडल्यावर एका मॉलच्या दाराशी बसून लोकांच्या पिशव्या तपासत होता. त्याला सूर म्हणजे काय ते सांगता आलं नसतं, पण अल्बम ऐकून तो जे बोलायचा ते खरं निघायचं.

या संगीताशी त्याची गाठ पडली तीही अपघाताने. चुलतभावाची गाडी वाळवंटात रुतली होती, ती ओढून काढायला दोर घेऊन गेला. तिथे टेकाडाआड मोठमोठे स्पीकर लावून माणसं नाचत होती. मनशे दोर हातात धरून उभाच राहिला. दिवसभर कानांवर आदळणारी मागाचीच लय होती ती, पण कुणीतरी तिच्यात आनंद ओतला होता. गाडी सकाळपर्यंत रुतलेलीच राहिली आणि चुलतभाऊ पुढे कितीतरी महिने त्याच्याशी बोलला नाही.

त्याची मतं ठाम होती. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये उठायचं नाही. पहिली दोन-तीन गाणी विकत घेणाऱ्यासाठी असतात, बनवणारा खरा सापडतो तो शेवटी. ट्रान्स पायांत चपला घालून ऐकावा आणि अँबियंट, म्हणजे ते संथ, पसरत जाणारं संगीत, चपला काढून. अँबियंटची गोडी त्याला उशिरा लागली, गिरणी बंद पडल्यावर. "त्यात काही घडत नाही," तो म्हणायचा, "पण ते न घडणं किती नीट जमलंय, ते ऐकायचं." वाईट अँबियंटची त्याला भयंकर चीड होती. "एकच सूर पावावर लोणी फासावं तसा तासभर फासायचा आणि वर चांदण्यांचं चित्र छापायचं. अंतराळ इतकं स्वस्त नसतं, बाबांनो!"

त्याच्या घरातल्या स्टीरिओला काचेमागे दिव्यांच्या उभ्या रांगा होत्या. डावीकडच्या रांगा जाड आवाजाला उसळायच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाला. पाहुणे त्यांच्याकडेच बघत बसतात म्हणून मनशेने रिबकाचं ताटावर झाकायचं क्रोशाचं कापड त्यावर कायमचं टाकून ठेवलं होतं. ऐकायचं ते कानांनी, असं तो ठणकावून सांगायचा.

रिबका त्याची बायको. तिच्या हातात अलिबागहून कुणाकुणाकरवी मागवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. शुक्रवारी दुपारी तो अल्बम लावून बसायचा आणि स्वयंपाकघरात तिच्या चपात्या सुरू व्हायच्या. बारीक सुरांवर नेमकी बांगड्यांची किणकिण पडायची.

"रिबका, बांगड्या!"

"अहो, मग काय हात कापून ठेवू?" ती आतून म्हणायची आणि बांगड्या कोपरापर्यंत चढवायची. त्या पुन्हा घसरायच्या. तो पुन्हा ओरडायचा. शेवटी शेवटी ती शुक्रवारी त्या काढूनच ठेवायला लागली. फक्त संध्याकाळी शब्बाथचे, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावताना मात्र तिने त्याचं कधी ऐकलं नाही. तेव्हा बांगड्या घालायच्याच. वाती पेटवून ती ज्योतींवरून दोन्ही हात तीनदा ओवाळायची, मग डोळ्यांवर घ्यायची. तीनदा खळ्ळकन वाजलं की शब्बाथ आला, यंत्रं बंद. गाणं कितीही रंगात असो, मनशेला उठून स्टीरिओ बंद करावा लागायचा. उभ्या संसारात या गोष्टीवरून त्याने कुरकुर केली. रिबकाला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते.

आणि यंदा वल्हांडणाच्या सणाच्या सुमारास बेरशेवाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानांना यंत्र लावून तपासलं होतं. "खालचे आवाज तरण्या पोरासारखे ऐकू येतात तुम्हाला," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज गेलेत. परत यायचे नाहीत." मनशेने मागाला दोष दिला. मागाचा दोष होताच, पण वाळवंटात रात्र रात्र स्पीकरला कान लावून कोण उभं राहत होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कानात घालायचं यंत्र मिळालं, ते मोज्यांच्या खणात गेलं. मॉलच्या दारातल्या तपासणी यंत्राची शिट्टी ऐकू येईना, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. अम्रामच्या दुकानात तो मतं देत राहिला, सवयीवर, अंदाजाने. तेवढंच तर त्याच्यापाशी होतं, लोकांनी विचारावं असं.

त्या शुक्रवारी दुपारी तो बाजारातून घरी आला तेव्हा लिआत दाराशी उभी होती. त्याची एकुलती एक मुलगी. बेरशेवाच्या बालवाडीत ती मुलांना सांभाळायची आणि उरलेल्या वेळात आवाज गोळा करून त्यांचं संगीत बनवायची. तिचा पहिला अल्बम तयार झाला होता. हैफातली माणसं तो काढणार होती, रविवारी तिने तो त्यांना पोचवायचा होता.

"त्यांना आवडलाय," ती म्हणाली. "पण तू ऐकल्याशिवाय मी देणार नाही, अब्बा. तू म्हणशील तसं."

खणातलं यंत्र काढायची ती वेळ होती. मनशेच्या ते ओठांवर आलंही. पण पोरगी लहानपणापासून त्याच्या मांडीवर बसून अल्बम ऐकत आली होती. तिच्यासमोर बहिरं व्हायला त्याला लाज वाटली.

"चपला काढ," तो म्हणाला. "बस."

अल्बम सुरू झाला आणि थोड्याच वेळात मनशे आपली भीती विसरला. खालचे सूर खरोखरच सुरेख होते, घाई नाही, दिखावा नाही. मध्येच एक जड, संथ ठेका आला. माग! पोरीने माग वाजवला होता, पण इतका हळू, की एकेक धागा मोजावा. त्याचे डोळे भरून आले. लिआतने ते पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

मग शेवटचा भाग आला. जाड सूर हळूहळू विरत गेले आणि त्यानंतर काहीच आलं नाही. मनशे वाट पाहत राहिला. लिआत डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसली होती. त्याला वाटलं, आता येईल. आलं नाही. बराच वेळ नुसती शांतता, आणि मग लिआतने डोळे उघडले.

"सांग."

"चांगला आहे," मनशे म्हणाला. "चांगला म्हणजे, मी वीस वर्षांत फार थोडे असे ऐकले. तुझा माग ऐकून मला... जाऊ दे. पण शेवट काप."

"काप?"

"रिकामा आहे तो. तिथे काही नाहीच. लोकांना वाटेल सीडी बिघडली." तिचा चेहरा उतरला तसा तो आणखी ठासून बोलू लागला. "तू दमलीस आणि हात वर केलेस, बाकी काही नाही. मागावर संपव. मागासारखा शेवट नाही."

"काहीच नाही त्यात?"

"मी सांगतोय ना."

"बरं. तू म्हणतोस तर कापते," ती म्हणाली आणि दिव्यांची तयारी करायला स्वयंपाकघरात गेली. काड्यापेटी शोधल्याचा आवाज नाही, खण उघडल्याचाही नाही. मनशेला तसलं काही आता ऐकू येतच नसे.

दारात येऊन ती म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान आता तरी तू त्या काढायला लावणार नाहीस."

"काय काढायला?"

"आईच्या बांगड्या."

मनशेने वळून स्टीरिओकडे पाहिलं.

"शेवटच्या वर्षी पावाच्या टोपलीत मी रेकॉर्डर ठेवला होता. एका शुक्रवारचं आहे ते, चपात्यांपासून दिव्यांपर्यंत. तिला माहीत होतं. म्हणाली, तुझ्या अब्बाला सांगू नकोस हो, पुन्हा काढायला लावतील." लिआत हसायला गेली, पण जमलं नाही. "अब्बा बाहेर गेलाय, असं मी म्हटलं, तेव्हा कुठे तिने घातल्या."

मनशेच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ऐकू आल्या, पण फार दबलेल्या आहेत, आवाज वाढव. इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीने मान डोलावली असती, त्याचा कान शाबूत राहिला असता. एरवी अम्रामच्या दुकानात तो हेच करत आला होता. पण रिबकाला त्याने आयुष्यभर गप्प केलं होतं, आणि रविवारी तिला कापून टाकायला आज आपल्याच तोंडाने सांगितलं होतं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "शेवट तेवढा."

लिआतने लावलं. मनशे उठला आणि त्याने स्टीरिओवरचं क्रोशाचं कापड ओढून काढलं.

दिव्यांच्या रांगा उसळत होत्या. मग डावीकडची पहिली रांग विझली, तिच्या शेजारची विझली, एकेक करत सगळी काच काळी झाली. मनशेच्या कानांना शांतता होती. पण अगदी उजवीकडच्या टोकाला एक रांग जागी होती. ती भराभर, थोडी थोडी, थरथरत होती. थांबली, पुन्हा थरथरली. चपाती उलटली, त्याने ओळखलं. दुसरी लाटायला घेतली.

लिआत स्टीरिओकडे पाहत नव्हती. ती बापाकडे पाहत होती. दिव्यांकडे बघणाऱ्यांवर एवढी वर्षं रागावणारा माणूस काचेला नाक लावून बसला होता.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "तुला ऐकू येत नाही का?"

"नाही." त्याने नजर काचेवरून काढली नाही. "वरचं काहीच येत नाही. वल्हांडणापासून. तुझ्याशी खोटं बोललो. कापू नकोस, लिआत. एवढीशीही कापू नकोस."

ती त्याच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं, शब्बाथला फार वेळ नव्हता. काचेतली रांग निपचित झाली आणि बराच वेळ तशीच राहिली.

मग ती तळापासून वरच्या टोकापर्यंत एकदा उसळली. खाली आली. पुन्हा उसळली. तिसऱ्यांदा उसळली, आणि मनशेचा हात दर शुक्रवारी जायचा तसा आपोआप पुढे गेला आणि त्याने स्टीरिओ बंद केला.